पाऊण मैल अर्थिंग

हार्लन ब्रूगरने वर्ना टॉलेफ्सनविरुद्ध सरकारला पत्र लिहिलं, ते एका टकटकीमुळे.

वर्नाचं वय एकाहत्तर. एकोणचाळीस वर्षं तिने टेलिफोन कंपनीत खांबांवर चढून तारा जोडल्या. आमच्या भागात हे काम करणारी ती पहिली बाई. ती निवृत्त झाली त्याच वर्षी जवळच्या शहरातलं जुनं रेडिओ स्टेशन कुणीतरी विकत घेतलं आणि त्यावर हजार मैलांवरची माणसं बोलायला लागली. ऑल्डर फोर्कमध्ये कुणाचं कुत्रं हरवलं, चर्चच्या तळघरात शुक्रवारी मासे किती वाजता तळणार, बर्फामुळे शाळेची बस येणार की नाही, हे सांगायला कुणी उरलं नाही. तेव्हा वर्नाने कोंबड्या विकल्या, खुराडं तीन वेळा धुऊन काढलं आणि आत टेबल, खुर्ची आणि माइक मांडला. रोज सकाळी सात ते नऊ. आधी तिच्या गुडघ्याने सांगितलेलं हवामान, मग अ‍ॅकॉर्डियनची पोल्का गाणी, मग गावच्या भानगडी. शनिवारी दहा मिनिटं मी बोलायचो. पंचवीस वर्षं मी इथं जनावरांचा डॉक्टर आहे, आणि गायींच्या खुरांवर दहा मिनिटं बोलायला मला तयारी लागत नाही.

परवान्याशिवाय असं स्टेशन चालवता येतं, पण त्याला नियम असतात आणि वर्नाला ते पाठ होते. शक्ती एक दशांश वॅट, ख्रिसमसच्या झाडावरच्या एका बारक्या दिव्यापेक्षाही कमी. एरियल, त्याच्याकडे जाणारी तार आणि अर्थिंगची तार, सगळं मिळून तीन मीटर. तीन मीटर म्हणजे नऊ फूट दहा इंच. वर्नाने तांब्याचा पाइप कापला नऊ फूट चार इंच. प्रक्षेपणाची पेटी पाइपच्या अगदी बुडाशी आइस्क्रीमच्या डब्यात बसवली आणि अर्थिंगची तार ठेवली पाच इंच.

"एक इंच राहिला की," मी म्हणालो होतो.

"तो सरकारला," ती म्हणाली.

एवढ्या बुटक्या एरियलला जी काही ताकद यायची ती जमिनीतून, असं तिचं म्हणणं. म्हणून तिने पेटीखाली सळई ठोकली आणि तिच्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या बत्तीस तांब्याच्या तारा जमिनीत पुरल्या, भोपळ्यांखालून, रुबार्बच्या आंबट देठांच्या वाफ्याखालून. त्यातली एक जमिनीखालूनच खुराड्यामागच्या हातपंपापर्यंत नेली. पंप तिच्या आजोबांच्या वेळचा, कधीच बंद पडलेला, पण त्याचा लोखंडी पाइप साठ फूट खोल. "हवेत काय उभं आहे ते सगळे बघतात, डॉक," ती म्हणायची. "खालचं कुणी बघत नाही. टेलिफोनमध्येही अस्संच होतं."

एवढं सगळं करून आवाज जायचा गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. गावही तेवढंच आहे.

मग एका वर्षी एप्रिलमध्ये वर्नाने गुडघा बदलून घेतला. तीन आठवडे ती मॅडिसनला बहिणीकडे होती. मे महिन्यात काठी टेकत परत खुराड्यात बसली, आणि पहिल्याच दिवशी सकाळी पोल्काच्या मधोमध ऐकू यायला लागलं: टक. टक. टक. सेकंदाला एक, न चुकता.

वर्नाने दोन दिवस कान देऊन ऐकलं. तिसऱ्या दिवशी तिने माइकवर सांगितलं, "मंडळी, ही टकटक म्हणजे आपले शेजारी हार्लन ब्रूगर. त्यांच्या कुंपणाच्या झटक्याच्या तारेला कुठंतरी रान चिकटलंय आणि ठिणगी पडतेय. विळा घेऊन कुरणातून एक चक्कर मारली की थांबेल. आज पहिला दिवस."

दुसऱ्या दिवशी, "आज दुसरा दिवस."

हार्लन तिचा उत्तरेचा शेजारी, घर पाऊण मैलावर. बासष्ट गायी, चौऱ्याहत्तर वर्षं, आणि आयुष्यात आपण एकदाही चुकलो नाही अशी ठाम समजूत. गावच्या एकाच खोलीच्या शाळेत दोघं एकाच बाकावर होते. विळा घेऊन चक्कर मारली असती तर गोष्ट तिथंच संपली असती. पण वर्नाने रेडिओवरून सांगितलं म्हणून ऐकायचं? जूनपर्यंत वर्ना सव्विसाव्या दिवसावर पोचली आणि गावातल्या कॅफेत हार्लन शिरला की दोन-तीन जण गंभीर चेहऱ्याने चमचे कपावर वाजवायला लागले. सेकंदाला एक.

हार्लन वाचनालयात गेला आणि नियम छापून घेऊन आला. कॅफेत वर्नाच्या टेबलाशी उभं राहून त्याने मोठ्याने वाचलं, "'दुसऱ्याकडून होणारा अडथळा अशा स्टेशनने सोसला पाहिजे.' ऐकलंस? सोसला पाहिजे, वर्ना. सरकार म्हणतंय."

"सोसतेय की," वर्ना म्हणाली. "फक्त मोजून सोसतेय. उद्या सत्तावीस."

कपांवर चमचे वाजले. हार्लन लाल झाला. पण तो निघाला नाही. कागद उलटून म्हणाला, "आणि हे पण लिहिलंय. तीन मीटर. तुझा आवाज माझ्या स्वयंपाकघरात येतो. असा येतो, जशी तू समोर बसून माझंच लोणी खातेयस. तीन मीटरमध्ये पाऊण मैल? कुणाला बनवतेस?"

हे ऐकून वर्नाने पहिल्यांदा हातातला कप खाली ठेवला. कारण तिचा हिशोब सांगत होता की आवाज ओढ्याच्या पलीकडे जायलाच नको. आणि हार्लन थापा मारत नव्हता. मागच्याच आठवड्यात मी त्याच्या गोठ्यात एक अडलेलं वासरू ओढून काढत होतो, तेव्हा फळीवरच्या जुनाट रेडिओतून वर्ना खणखणीत आवाजात चर्चच्या मासळीची वेळ सांगत होती.

हे मी तिला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा फुलला. "माझं वेटोळं चांगलं जमलंय, डॉक," ती म्हणाली. वेटोळं म्हणजे एरियलच्या बुडाशी गुंडाळलेली तांब्याची तार. गटाराच्या पाइपावर ती वर्नाने स्वतः गुंडाळली होती आणि तिचा तिला फार अभिमान. दुसरं कारण शोधायची गरज तिला वाटली नाही.

जुलैत सरकारी पत्र आलं. तक्रार आली आहे, गुरुवारी सकाळी तपासणीला अधिकारी येतील.

दुसरं कुणी असतं तर दार लावून बसलं असतं. वर्नाने बुधवारी माइकवर जाहीर केलं, "उद्या दहा वाजता आपल्या स्टेशनची सरकारी तपासणी आहे. सगळ्यांनी यावं. खायला भट्टीतला रुबार्बचा आंबटगोड पाय आहे. खुर्च्या आपापल्या आणाव्यात."

गुरुवारी पस्तीसेक माणसं अंगणात बसली होती. हार्लन इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि सगळ्यांच्या पुढे उभा राहिला.

अधिकारी आल्या त्या काओ वांग नावाच्या, तिशीतल्या, ठेंगण्या, फार कमी बोलणाऱ्या. आईवडील वॉसॉच्या बाजूला काकड्या पिकवतात, एवढंच त्यांनी स्वतःबद्दल सांगितलं, तेही वर्नाने खोदून विचारलं म्हणून. त्यांनी पाइप मोजला, वरून खाली आणि परत खालून वर. डबा उघडून आतली शक्ती मोजली. अर्थिंगच्या तारेला टेप लावला.

"नऊ फूट नऊ इंच," त्या म्हणाल्या. "शक्तीही बरोबर आहे."

टाळ्या पडल्या. हार्लन म्हणाला, "ती तार तिने रातोरात कापली असेल! माझ्या स्वयंपाकघरात चला, मॅडम. कानांनी ऐका."

वांगबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि गाडी काढली. मला आणि हार्लनला बरोबर घेतलं. गाडीतला रेडिओ सोळाशे तीसवर, म्हणजे वर्नाच्या स्टेशनवर होता. तपासणीसाठी आज ते नऊनंतरही चालू होतं, आणि वर्ना कुणाच्या तरी सत्तराव्या वाढदिवसाची गाणी लावत होती. दक्षिणेला चर्चपाशी आवाज विरला. पूर्वेला गिरणीपाशी गेला. उत्तरेच्या रस्त्याने ओढ्यावरच्या पुलापर्यंत टिकला आणि मग नुसती खरखर. हार्लन मागच्या सीटवर चुळबुळ करायला लागला. पण त्याच्या फाटकातून आत शिरून गाडी गोठ्याशी थांबली, आणि एकदम पोल्का इतक्या जोरात सुरू झाला की वांगबाईंनी दचकून आवाज कमी केला.

"सांगितलं नव्हतं?" हार्लन म्हणाला. "सांगितलं नव्हतं?"

घरातून त्याची बायको आयोन पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. तिच्यामागे स्वयंपाकघरातही तोच पोल्का चालू होता.

"तू ऐकतेस हे?" मी विचारलं.

"त्रास होतो म्हणून ऐकावं लागतं," आयोन म्हणाली आणि हार्लनकडे न बघता आत गेली.

वांगबाईंनी खिशातून छोटा रेडिओ काढला. अंगणात गेल्या, आवाज बारीक. गोठ्याच्या भिंतीशी गेल्या, मोठा. भिंतीवर हार्लनचं झटका मशीन होतं. त्याची एक तार कुंपणाच्या वरच्या वायरला आणि दुसरी, अर्थिंगची, खालच्या लोखंडी जाळीला. रेडिओ जाळीजवळ नेला की वर्ना बोलायची, दहा पावलं लांब नेला की गप्प. त्यांनी हे चार वेळा केलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "डॉक्टर, गमबूट आहेत का तुमच्याकडे?"

माझे गमबूट त्यांना गुडघ्याच्या वर आले. रेडिओ जाळीशी धरून त्या कुंपणाच्या कडेने निघाल्या. हार्लन आणि मी मागे. कुरणातल्या कालवडींना कुणी नवीन माणूस दिसलं की राहवत नाही, त्याही मागे. अर्ध्या वाटेवर समोरून आमचं अख्खं गाव येताना दिसलं, काहींच्या हातात पायच्या बश्या होत्या. पुढे वर्ना, खुराड्यात एक लांबलचक पोल्का लावून आलेली, काठी खांद्यावर टाकून.

"कुठं निघालात?" तिने विचारलं.

"तुमच्या घरी," वांगबाई म्हणाल्या.

वाटेत एके ठिकाणी काटेरी तणाचं पुरुषभर रान कुंपणावर रेललं होतं आणि पानाला लागून ठिणगी चटचट उडत होती. सगळ्यांनी ती पाहिली. पाद्र्यांच्या बायकोने काटा बशीवर तीनदा वाजवला.

रेडिओचा आवाज वाढत वाढत गेला आणि कुंपण संपलं तिथे सर्वांत मोठा झाला. कुंपण संपत होतं वर्नाच्या खुराड्यामागे, कमरेएवढ्या गवतात, तिच्या आजोबांच्या हातपंपावर. शेवटचा खांब पुरायचा कंटाळा म्हणून कुणीतरी जाळी थेट पंपाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळली होती आणि तारेने पिळून पक्की बांधली होती.

वर्नाने गवत काठीने बाजूला केलं आणि बघत राहिली. ऑपरेशनपासून ती खुराड्याच्या मागे फिरकली नव्हती. पंपाच्या पलीकडे, कुंपणाच्या आत, तिच्या आजोबांनी हद्दीवर लावलेली प्लमची पाच झाडं होती. आता त्यांच्या सावलीत हार्लनच्या कालवडी उभ्या होत्या.

वांगबाई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या अर्थिंगची तार जमिनीखालून या पंपाला आहे. पंपाला ही जाळी. म्हणजे जमिनीवर तुमची अर्थिंगची तार पाच इंच नाही. पाऊण मैल आहे."

मग हार्लन म्हणाला, "लिहा! लिहून घ्या, मॅडम!"

"लिहिते. आधी सांगा, हे कुंपण कुणाचं?"

हार्लनच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं की तो दोन्ही उत्तरं चाखून बघतोय. आपलं म्हणावं, तर वर्नाच्या पंपाला जाळी बांधली कुणी, आणि प्लमची झाडं आत गेली कशी, हे पस्तीस माणसांसमोर सांगावं लागणार. वर्नाचं म्हणावं, तर नोटीस तिला.

"तिचंच असणार," तो शेवटी म्हणाला. "तिच्याच पंपाला बांधलंय."

मला वाटलं वर्ना त्याला काठीने बडवणार. पण ती हसली. शाळेत असताना ती अशी हसली की मास्तर खुर्ची तपासायचे, असं गावातली म्हातारी माणसं सांगतात.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "लिहा, बाई. कुंपण माझं. चूक माझी."

"नक्की?" वांगबाईंनी पेन थांबवलं.

"हार्लन कधी चुकलाय का? मग आता मला काय करावं लागेल?"

"स्टेशन चालू ठेवायचं तर ही तार इथून काढावी लागेल."

"इथूनच कशाला? माझी तार म्हटल्यावर सगळीच काढते. पाऊण मैल. नियम म्हणजे नियम." ती गावाकडे वळली. "कुणाकडे पक्कड आहे? आजच गुंडाळून टाकू. या टोकापासून सुरू करा."

सात-आठ जणांनी बश्या खाली ठेवल्या. आमच्या गावात पक्कड प्रत्येकाच्या खिशात असते. कुंपणापलीकडे हार्लनचा छातीएवढा मका उभा होता, आणि कालवडी मक्याकडे बघत होत्या.

"ए, थांबा," हार्लन म्हणाला.

कुणी थांबलं नाही. पहिली तार कटकन तुटली.

"थांबा! गायी मक्यात जातील!"

"जाऊ देत ना," वर्ना म्हणाली. "कुंपण तुझं थोडंच आहे?"

"माझंच आहे!" हार्लन ओरडला. "माझं आहे कुंपण! मीच बांधलंय!"

पकडी थांबल्या. वांगबाईंनी विचारलं, "पंपाला?"

"हो."

"कधी?"

हार्लन बुटांकडे बघत पुटपुटला, "एप्रिलमध्ये."

"मोठ्याने, हार्लन," वर्ना म्हणाली. "मागच्यांना ऐकू येत नाही."

"एप्रिलमध्ये! ती मॅडिसनला होती तेव्हा! झाडाखाली सावली होती, कालवडींना ऊन लागायचं! पाच झाडं तर आहेत, आणि ती प्लम कधी खाल्ली नाहीत तिने, पक्षी खातात!"

वांगबाईंनी सगळं लिहिलं. चेहरा गंभीरच होता, पण त्या दोन वेळा पाठ फिरवून खोकल्या. मग म्हणाल्या, "जोडणी दुसऱ्याने, स्टेशनवाल्यांच्या नकळत केलेली आहे. ती आत्ता माझ्यासमोर सोडा, म्हणजे माझ्याकडून प्रकरण बंद. हद्दीचं तुमचं तुम्ही बघा, ते माझं खातं नाही."

हार्लनने स्वतःच्या हाताने पीळ सोडवला. जाळी पंपापासून सुटली आणि वांगबाईंच्या हातातला रेडिओ थोडा मंदावला. खुराड्यातल्या स्पीकरवरची टकटक मात्र एकदम थांबली. वर्ना डोळे मिटून ऐकत होती. "अडुसष्ट दिवस," ती म्हणाली. "चला, बश्यांतला पाय संपवा."

वांगबाई दोन तुकडे खाऊन आणि एक बांधून घेऊन गेल्या. माझे गमबूटही गेले, ते मागाहून टपालाने आले.

त्याच आठवड्यात हार्लनने कुंपण मागे घेतलं, प्लमच्या झाडांच्या पलीकडे, आधी होतं तिथे. त्याला वाटलं संपलं. पण सोमवारी सकाळी सव्वासात वाजता आयोन ब्रूगर वर्नाच्या खुराड्याच्या दारात उभी होती. घरात रेडिओवर नुसती खरखर येत होती आणि तिने नवऱ्याला न्याहारी दिली नव्हती.

"मला माझे पोल्का पाहिजेत," ती म्हणाली. "आणि गुरुवारी लोरेनच्या मांजरीचं काय झालं ते अर्धंच राहिलं."

"पाठवायच्या एरियलला तीन मीटरचा नियम आहे, आयोन. मी काहीच करू शकत नाही."

आयोनचा चेहरा पडला.

"पण ऐकायच्या एरियलला काही नियम नाही," वर्ना म्हणाली. "जिथपर्यंत शिडी पोचेल तिथपर्यंत बांध."

दुपारी मी हार्लनकडे एक लंगडी गाय बघायला गेलो तेव्हा वर्ना टेलिफोन कंपनीचा जुना कंबरपट्टा बांधून, नव्या गुडघ्यासकट, त्याच्या चारा साठवायच्या उंच सायलोच्या शिडीवर चाळीस फूट वर होती. तिथून घराच्या धुराड्यापर्यंत तिने दोनशे फूट तार ताणली होती. खाली हार्लन शिडी धरून उभा होता, कारण आयोनने दारातून त्याच्यावर नजर ठेवली होती.

"डॉक्टर काय म्हणाले होते गुडघ्याबद्दल?" मी खालून ओरडलो.

"चालत राहा म्हणाले! कुठल्या दिशेने ते नाही बोलले!"

"तार सैल आहे," हार्लन म्हणाला. "अजून ओढ."

"वाऱ्याला जागा ठेवावी लागते. एकोणचाळीस वर्षं हेच केलंय मी."

"मी सांगतो, सैल आहे."

"मग ये वर."

हार्लन वर गेला नाही. रेडिओ लावला तेव्हा वर्ना स्टेशनवर मुद्दाम लावून आलेला पोल्का आला, पण त्यावर टकटकही आली, कारण झटका मशीन गोठ्याच्या भिंतीवरच होतं आणि नवी तार त्याच्या डोक्यावरून गेली होती. आयोनने आत जाऊन विळा आणला आणि हार्लनच्या हातात दिला. त्याने संध्याकाळपर्यंत पाऊण मैल तण कापलं. वर्ना आणि मी ओसरीत बसून ताजं चीज खात होतो आणि तो कुठवर पोचला ते बघत होतो.

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी खुराड्यातला फोन वाजला. वर्नाने माइक बंद केला नव्हता, त्यामुळे ते सगळ्या गावाने ऐकलं.

"हे तू फार हळू वाजवतेस," हार्लन म्हणाला.

"काय?"

"हा पोल्का. ह्याच्यावर कुणी नाचत नाही, झोपतात. आणि गाणं सांगताना त्या अ‍ॅकॉर्डियनवाल्याचं नाव चुकवलंस. माझ्या काकांच्या लग्नात तोच होता. मी सांगतो, लिहून घे."

"मग तूच येऊन सांग ना," वर्ना म्हणाली. "शुक्रवारी. अर्धा तास देते. उशीर करू नकोस, आणि येताना कुंपणावरून नको, रस्त्याने ये."

शुक्रवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि पन्नास मिनिटं बोलला.